मात्सुए येथील शाळेचे शेवटचे दिवस

विद्यारंभ कसा करावा, हें आपल्या समाजास उत्तम ठाऊक आहे. पाटीपूजन होतें, मुंजींत मातृभोजन आणि भिक्षावळ होते, शाळेच्या पहिल्या दिवशीं नवें दप्तर आणि नवी छत्री येते. परंतु विद्येचा एक टप्पा पुरा झाल्यावर तो कोणत्या रीतीनें संपवावा, ह्याचा विचार आतां फारसा कोणी करीत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं तो केला होता. गृह्यसूत्रांत समावर्तनाचा संस्कार सांगितला आहे, आणि गुरुगृहाहून परतणाऱ्या शिष्यास आचार्यांनीं केलेला उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लींत आहे. त्या समावर्तनाची आज आपल्याकडे केवळ सोडमुंज उरली आहे, आणि तीहि बहुधा मुंजीच्या मांडवांत किंवा लग्नाच्या तोंडावर उरकून घेतात. शाळेच्या बाबतींत तर निरोप म्हणजे परीक्षेचा शेवटचा पेपर. तो संपला कीं मुलें प्रश्नपत्रिकेची सुरळी करीत घरीं येतात, आणि पुढें निकालाचा कागद आणावयास जातात तेवढाच शाळेशीं संबंध उरतो.

शाळा संपण्याचा प्रसंग एखादा समाज किती मनोभावें पार पाडूं शकतो, हें पाहण्याचा योग मला २०१९ सालच्या मार्च महिन्यांत जपानांत आला. आशियाखंडांतील हायस्कुलांच्या विद्यार्थ्यांना जपानी शाळांत आणि जपानी कुटुंबांत कांहीं महिने ठेवून घेण्याची एक योजना त्या देशाच्या शिक्षणखात्यानें २०१८ सालीं सुरू केली. तिचें नांव 'काकेहाशी'. ह्या शब्दाचा अर्थ दोन तीरांस जोडणारा पूल. योजना चालविण्याचें काम ए. एफ्. एस्. ह्या संस्थेकडे होतें. ह्या संस्थेचा पूर्वेतिहास लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी शिपायांना गाड्यांतून इस्पितळांत पोंचविणारें अमेरिकन स्वयंसेवकांचें हें पथक होतें. दुसरें महायुद्ध संपल्यावर ह्या मंडळींनीं जखमींना उचलण्याचें काम सोडून मुळांत वैरच होऊं नये अशी खटपट आरंभिली, आणि १९४७ सालापासून एका देशांतील शाळकरी मुलें दुसऱ्या देशांतील घरीं राहावयास धाडण्याची प्रथा घातली. काकेहाशीच्या पहिल्या तुकडींत मी होतें. तेव्हां माझें वय सोळा वर्षांचें होतें.

घरांतून परवानगी मिळणें ही गोष्ट सोपी नव्हती. पुण्यांतील आमच्या घरीं चुलत्यांच्या बिऱ्हाडासकट चौदा माणसें, आणि प्रत्येकाचें मत निराळें. अकरावीचें वर्ष बुडणार, हा वडिलांचा आक्षेप. पोर तिकडे खाणार काय, ही आईची आणि काकूंची काळजी. आजोबांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. "आठ महिने राहून येशील, पण दाखला कशाचा आणशील?" असें त्यांनीं विचारलें, आणि त्याला कोणाजवळच उत्तर नव्हतें; कारण ह्या योजनेंत पास-नापास नाहीं, पदवी नाहीं, आणि आपल्या बोर्डाच्या लेखीं त्या महिन्यांची किंमत शून्य. अखेर हा वाद आजीनें मिटविला. आजी अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेंत शिकलेली. जिन्झो नारुसे ह्यांनीं तोकिओ येथें १९०१ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें होतें. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका १९१५ सालीं अण्णासाहेबांच्या हातीं पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें विद्यापीठ सुरूहि झालें. आजीनें हें सारें सांगितलें आणि म्हणाली, "जपानांतून आलेल्या एका चोपड्याच्या पुण्याईनें मी शिकलें. आतां ही पोर तिकडे जातें म्हणते, तर तिची वाट अडवूं नका." आजोबा कांहीं बोलले नाहींत, त्यांचा प्रश्न मात्र मी माझ्याबरोबर घेऊन गेलें.

मला मिळालेलें गांव म्हणजे मात्सुए. जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिमभागीं, जपानसमुद्राच्या अंगास, शिमाने नांवाचा प्रांत आहे. त्याचें हें मुख्य ठिकाण. शहराच्या पश्चिमेस शिन्जी सरोवर, पूर्वेस नाकाउमी नांवाचें खारें तळें, आणि दोहोंना जोडणारी ओहाशी नदी शहराच्या मधून वाहते. शिन्जीचें पाणी मचूळ. त्यांत शिजिमी नांवाचे लहान शिंपले सांपडतात, आणि पहाटे कोळी लोक लांब दांड्याच्या पंजांनीं ते तळांतून खरवडून काढीत असतात. गांवाच्या मध्यभागीं १६११ सालीं बांधून पुरा झालेला काळ्या फळ्यांचा बालेकिल्ला आहे. जपानांत मूळ स्वरूपांत टिकलेले असे बालेकिल्ले अवघे बारा. त्यांतील हा एक, आणि २०१५ सालीं त्याची गणना राष्ट्रीय ठेव्यांत झाली. भोंवतालच्या खंदकांतून होड्या चालतात. हिंवाळ्यांत त्या होड्यांत ठेंगणें मेज मांडून त्यावर रजई घालतात व तिच्याखालीं शेगडी ठेवतात. उतारूंनीं पाय रजईंत घालून बसावें आणि बर्फ पाहावें. त्या किनाऱ्याला पाऊस आणि बर्फ ह्यांचा इतका नेम नाहीं कीं, डबा विसरला तरी चालेल पण छत्री विसरूं नये, अशी तिकडे म्हणच आहे. कोंकणांतल्या माणसाला ती पटेल.

ह्या गांवाला परक्या देशच्या माणसाचा निरोप घेण्याची जुनी संवय आहे. लाफ्काडिओ हर्न हा ग्रीसमध्यें जन्मलेला, आयर्लंडांत वाढलेला आणि अमेरिकेंत वर्तमानपत्रांवर पोट भरलेला लेखक १८९० सालीं येथील शाळेंत इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला. येथेंच त्याचा संसार झाला. खंदकाच्या उत्तरेस, जुन्या सामुराई वस्तींत तो ज्या घरीं राहत होता तें घर आजहि जपून ठेवलेलें आहे. तेथील हिंवाळा त्याला सोसेना म्हणून १८९१ सालच्या नोव्हेंबरांत तो दक्षिणेकडे कुमामोतोला गेला. तेव्हां त्याचे विद्यार्थी त्याला पोंचवावयास धक्क्यापर्यंत आले होते. हर्न पुढें जपानी नागरिक झाला, त्यानें कोइझुमी याकुमो हें नांव घेतलें, आणि १९०४ सालीं तोकिओंत तो वारला. मात्सुएंत त्याचें राहणें सव्वा वर्षाच्या आंतबाहेर. परंतु गांवानें त्याला अद्यापि आपलाच मानलें आहे. परक्यानें किती काळ राहावें म्हणजे तो आपला होतो, ह्या प्रश्नाचें मात्सुएनें दिलेलें हें एक उत्तर म्हणावयास हरकत नाहीं.

माझी शाळा सरकारी हायस्कूल होती. तेथें हायस्कूल तीन वर्षांचें. मला दुसऱ्या वर्षाच्या एका वर्गांत घातलें होतें. वर्गांत मुलें चाळीस. हजेरीच्या वहींत चाळीस छापील नांवांच्या खालीं एक्केचाळिसावें माझें नांव वर्गशिक्षिकांनीं हातानें लिहिलें होतें. ह्या बाई जुनी जपानी भाषा शिकवीत. हजेरी घेतांना नांव पुकारलें कीं मुलानें 'हाइ' असें म्हणावयाचें. आपल्याकडे 'हाय' हा शब्द दुःखाचा आणि तेथें तो होकाराचा, त्यामुळें पहिल्या दिवशीं चाळीस मुलें एकामागून एक 'हाइ, हाइ' म्हणूं लागलीं तेव्हां मला हंसूं आवरेना. तास सुरू होतांना पाळीच्या मुलानें "उभे राहा, नमस्कार करा, बसा" असें सांगावें. तास संपतांना पुन्हां तसेंच. दारांत बाहेरचे जोडे काढून आंतले जोडे घालावे, आणि आपले जोडे आपलें नांव लिहिलेल्या कप्प्यांत ठेवावे. सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलेल्या मुलीला हें कांहीं जड गेलें नाहीं.

नवल वाटलें तें झाडलोटीचें. शिकवणें संपलें कीं रोज पंधरा मिनिटें सारी शाळा केर काढते. मेजें मागें सरकवावीं, केरसुणीनें झाडावें, गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानें जमीन पुसावी, कोणीं जिने, कोणीं संडास, कोणीं अंगण. श्रीमंताचें मूल आणि गरिबाचें मूल असा भेद नाहीं. माझ्या पहिल्याच दिवशीं एका मुलीनें माझ्या हातांत फडकें दिलें आणि ओळींत जागा दाखविली. आमच्या घरीं कामाला बाई येते; फडकें पिळण्याचीहि मला नीटशी संवय नव्हती. त्या क्षणीं मनांत आलें, दूरदेशाहून आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशीं हें काम? आपल्याकडे पाहुणीला कोणी जमीन पुसावयास सांगणार नाहीं. ह्या विचाराचें दुसरें अंग मला पुष्कळ उशिरां दिसलें.

जेवणाच्या बाबतींत आई-काकूंची काळजी खरी ठरली असती. कारण जपानी स्वयंपाकाचा जीव म्हणजे वाळविलेल्या माशांचा अर्क, आणि तो साध्या भाजींत आणि आमटींतहि असतो. परंतु ज्या घरीं मी राहत होतें त्या घरच्या आईनें पहिल्याच आठवड्यांत समुद्रांतली कोम्बु नांवाची वनस्पति आणि वाळलेल्या अळंब्या भिजवून निराळा अर्क काढण्याचा परिपाठ घातला. बौद्ध मठांतून अशाच रीतीचा निरामिष स्वयंपाक चालतो, तो तिनें पुस्तकांतून शिकून घेतला. माझा डबा रोज निराळा होई. पुढें पुढें तर घरांतील सर्वांचीच आमटी ह्या अर्काची होऊं लागली. सकाळीं घराबाहेर पडतांना जपानी माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो, म्हणजे 'जाऊन येतों'. घरचीं माणसें उत्तर देतात, 'इत्तेराश्शाइ', म्हणजे 'जाऊन ये'. 'जातें' असें न म्हणतां 'येतें' म्हणावें, हें वळण मला आजीनें लहानपणींच लाविलेलें असल्यामुळें हे दोन शब्द मला शिकावे असे लागलेच नाहींत.

जपानांत शाळेचें वर्ष एप्रिलांत उगवतें आणि मार्चांत मावळतें. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा निरोपसमारंभ आमच्या शाळेंत एक मार्चला होता. त्याची तयारी पाहून मी थक्क झालें. आदल्या दिवशीं सबंध समारंभाची तालीम झाली. उठावें केव्हां, वांकावें किती, वांकल्यावर मान वर करण्यापूर्वीं किती थांबावें, बसल्यावर हात कोठें असावे, हें सारें पुनःपुन्हां करून घेतलें. व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर हिरवें कापड अंथरलें, भिंतींना तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पडदे बांधले, आणि थंडीसाठीं रॉकेलच्या मोठाल्या शेगड्या लाविल्या. जपानचा निरोपसमारंभ म्हटला कीं चेरीचा बहर डोळ्यांपुढें येतो. पण मात्सुएंत तो मार्चअखेरपर्यंत येत नाहीं. त्या दिवशीं किल्ल्याच्या पायथ्याशीं फक्त उमेचीं, म्हणजे तिकडच्या आलुबुखाराचीं, पांढरीं फुलें आलीं होतीं.

समारंभ सारा दोन तासांचा. त्यांतील मुख्य भाग म्हणजे नांवें वाचणें. प्रत्येक वर्गाच्या शिक्षकानें पुढें यावें आणि हजेरीच्या क्रमानें एक-एक नांव पुकारावें. ज्याचें नांव असेल त्यानें 'हाइ' म्हणून उभें राहावें. सात वर्गांचीं नांवें. अर्धा तास त्यांतच गेला. टाळी नाहीं, गुणानुक्रम नाहीं, पहिला कोण आणि शेवटचा कोण ह्याचा उल्लेख नाहीं. गणितांत पहिल्या आलेल्या मुलाचा 'हाइ' आणि महिना महिना शाळेंत न येऊं शकलेल्या मुलीचा 'हाइ' सारख्याच शांततेंत ऐकले गेले. एक शिक्षिका हाकामा नेसून आल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, करड्या शिस्तीच्या. शेवटच्या चार नांवांना त्यांचा आवाज दाटला. त्या थांबल्या, घोट गिळला, आणि तींच नांवें पुन्हां स्पष्ट उच्चारलीं. नांव अर्धवट पुकारलें जाऊं नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. माझ्या शेजारची मुलगी मान खालीं घालून रडत होती. मागच्या रांगांतून आईबापांच्या रुमालांचा सळसळाट ऐकूं येत होता. पूर्वीं ज्या 'हाइ'ला मी हंसलें होतें त्याच शब्दानें माझाहि कंठ दाटून आला.

मग मागें राहणाऱ्या मुलांतर्फें एकानें निरोपाचें भाषण केलें, जाणाऱ्यांतर्फें एकीनें उत्तर दिलें, आणि गाणीं झालीं. ह्या प्रसंगीं जपानांत पिढ्यानुपिढ्या म्हटलीं जाणारीं दोन गाणीं आहेत. एकाचें नांव 'काजव्यांचा प्रकाश'. दिव्याला तेल नसल्यामुळें काजव्यांच्या आणि बर्फाच्या उजेडांत वाचणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांच्या कथेवर तें रचलें आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करणाऱ्यांच्या कथा सांगतात तशीच ती. त्याची चाल स्कॉटलंडची असून १८८१ सालच्या शालेय गीतसंग्रहांत तें आलें. दुसरें १८८४ सालचें. त्यांत गुरूच्या उपकारांची आठवण आहे. ह्याची चाल कोठली, ह्याचा शोध पंडितांना शंभराहून अधिक वर्षें लागला नव्हता. तो २०११ सालीं लागला, आणि ती १८७१ सालच्या एका अमेरिकन गीतपुस्तकांतील निघाली. म्हणजे जपानी माणसाला जें गाणें अगदीं आपलें वाटतें तेंहि मुळांत परदेशांतून आलेलें. सव्वाशें वर्षें तें मुलांनीं गुरुजनांसमोर उभें राहून म्हटलें, आणि त्याचें परकेपण गेलें.

समारंभानंतर मुलें आपापल्या वर्गांत गेलीं. आम्हीं आदल्या संध्याकाळीं त्यांच्या फळ्यांवर रंगीत खडूंनीं चित्रें काढून ठेविलीं होतीं. अंगणांत फोटो निघाले. मुलांच्या कोटाचें दुसरें बटण हृदयाच्या सर्वांत जवळचें, म्हणून तें मागून घेण्याची एक गोड प्रथा आहे, तीहि कोठें कोठें लाजतमुरकत पार पडली. मी शाळेच्या चहामंडळांत होतें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्सुएचा एक सरदार, मात्सुदाइरा फुमाइ, चहाविधीचा मोठा जाणता होऊन गेला, आणि त्याच्यामुळें ह्या गांवीं घरोघरीं हिरवा चहा घोटून पिण्याची चाल पडली. आमच्या मंडळांतली तिसऱ्या वर्षाची एक मुलगी त्या दिवशीं मला भेटावयास आली आणि भांडीं पुसण्याचा आपला रेशमी रुमाल तिनें माझ्या हातीं ठेविला. "हा मला माझ्या पुढच्या मुलीनें दिला होता," एवढेंच ती म्हणाली. मीं मनांत म्हटलें, हिला ठाऊक आहे कीं मी पंधरा दिवसांनीं जाणार. मग ही परंपरा माझ्या हातीं देऊन खंडित कां करते? पुढें तो रुमाल मीं चहामंडळांतल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला दिला. त्यासाठींच तो माझ्याकडे आला असावा.

माझा स्वतःचा शेवटचा दिवस पंधरा मार्च, शुक्रवार. त्या आठवड्यांत एक-एक वस्तु परत करण्याचें काम चाललें होतें: ग्रंथालयाचीं पुस्तकें, खेळाचे कपडे, कप्प्याची किल्ली. वर्गानें मला एक चौकोनी पुठ्ठा दिला. मध्यें माझें नांव आणि भोंवतीं सूर्याच्या किरणांसारखीं चाळीस जणांचीं अक्षरें. आठ महिन्यांत माझ्याशीं चार शब्दहि न बोललेल्या एका मुलानें लिहिलें होतें, "तूं रोज सकाळीं नमस्कार करीत होतीस, मी रोज उत्तर देऊं शकलों नाहीं. धन्यवाद." मुख्याध्यापकांनीं शाळेंत राहिल्याचें एक पत्र दिलें. त्यावर गुण नव्हते, श्रेणी नव्हती.

शेवटचा तास संपला आणि झाडलोटीची घंटा झाली. माझ्या ओळीला त्या आठवड्यांत वर्ग पुसण्याची पाळी होती. मी फडकें घ्यावयास गेलें तेव्हां एक मुलगा म्हणाला, "आज ती जाते आहे, आज तिनें कशाला?" त्यावर पहिल्या दिवशीं माझ्या हातांत फडकें देणारी मुलगी चटकन् म्हणाली, "ती आजपर्यंत ह्या वर्गाची आहे." आणि तिनें माझी जागा मोकळी ठेविली. पाहुण्याला कोणी काम सांगत नाहीं. घरच्या माणसाला सांगतात. आपल्याकडे नव्या सुनेला सासू पहिल्यांदां "तेवढा कुकर लाव ग" म्हणते त्या दिवसापासून ती घरची होते. पहिल्या दिवशीं जें मला आदराची उणीव वाटलें होतें, तें वास्तविक घरांत घेणें होतें. मीं फडकें पिळलें आणि आम्ही सहा जणी गुडघ्यांवर बसून वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन पुशीत गेलों.

त्यानंतर बाईंनीं हजेरीची वही उघडली. दिवस संपतांना हजेरी घेत नाहींत. पण त्यांनीं पहिल्या नांवापासून वाचावयास सुरुवात केली, आणि वर्गानें कांहीं न विचारतां उत्तरें दिलीं. चाळीस नांवें झालीं. एक्केचाळिसावें नांव त्यांनीं माझ्या देशांतल्या क्रमानें, आधीं माझें आणि मग आडनांव, असें उच्चारलें; हा उच्चार त्यांनीं कोणापाशीं तरी बसवून घेतला असला पाहिजे. मी 'हाइ' म्हणून उभी राहिलें. मीं भाषण पाठ केलें होतें. त्यांतलीं चार वाक्यें म्हटलीं, बाकीचीं आठवलीं नाहींत. दाराशीं जोडे बदलले, कप्प्यावरची माझ्या नांवाची चिठ्ठी सोडवून घेतली. मागून कोणी 'सायोनारा' म्हटलें नाहीं. साऱ्या वर्गानें म्हटलें तें 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये.

घरीं परतल्यावर अकरावींत मला एका वर्षानें लहान असलेल्या मुलींत बसावें लागलें. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी बारावीला गेल्या होत्या, आणि सहा महिने तरी तें मनाला लागलें. आजोबांना मीं मुख्याध्यापकांचें पत्र दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून तें उलटसुलट पाहिलें आणि विचारलें, "ह्यावर गुण कोठें आहेत?" मीं त्यांना नांवें वाचण्याची हकीकत सांगितली. ते कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ती पुन्हां सांगावयास लाविली.

पुढच्या वर्षीं, २०२० सालच्या मार्चच्या आरंभीं, माझ्या वर्गाचा निरोपसमारंभ व्हावयाचा होता. त्याच सुमारास कोरोनाच्या साथीनें जगाला ग्रासलें. २७ फेब्रुवारीला जपानच्या पंतप्रधानांनीं देशांतील शाळांना २ मार्चपासून बंद राहण्याची विनंति केली, आणि ठिकठिकाणचे समारंभ आटोपशीर झाले. माझ्या मैत्रिणीनें पत्र लिहिलें. कनिष्ठ वर्गांतील मुलांना बोलाविलें नव्हतें, गाणीं गाळलीं होतीं, भाषणें दोन-दोन मिनिटांचीं केलीं होतीं. परंतु नांव एकाचेंहि गाळलें नाहीं; प्रत्येकानें मुखपट्टीच्या आडून 'हाइ' म्हटलें. वर्गांत परतल्यावर बाईंनीं आदल्या वर्षाची जुनी वही काढली आणि एक्केचाळिसावें नांव वाचलें. उत्तर कोणीं द्यावें हें कांहीं ठरलें नव्हतें. सारा वर्ग एकदमच 'हाइ' म्हणाला, असें तिनें लिहिलें होतें.

तें पत्र मीं सर्वांसमक्ष वाचून मराठींत सांगितलें. आजोबांनीं तें आपल्या हातांत घेतलें. अक्षर कळत नसतांहि बराच वेळ पाहिलें आणि मुख्याध्यापकांच्या पत्राबरोबर आपल्या कपाटांत, आजीच्या पदवीपत्राशेजारीं, ठेविलें. दाखल्याचा प्रश्न त्यांनीं त्यानंतर पुन्हां काढला नाहीं. साथ ओसरल्यावर माझ्या धाकट्या चुलतभावाची मुंज झाली. याद्या करतांना कोणीसें म्हणालें कीं, सोडमुंज त्याच दिवशीं दुपारीं जेवणाआधीं दहा मिनिटांत उरकून टाकूं. आजोबा म्हणाले, "उरकावयाची नाहीं. त्याचें शिक्षण एकदां होऊं द्या; मग सवडीनें, त्याचे गुरुजी बोलावून, सर्वांसमोर करूं." गुरुजींनीं चमकून वर पाहिलें, आणि यादींतील ती ओळ खोडली.